केनियात शहरं आकसली की शहराची व्याख्या?

घाटावरची
नमस्कार मंडळी. चार वर्षं नैरोबीत आहे. दुचाकींच्या सुट्या भागांच्या वितरणाचं काम बघते. कुठल्या गावात काउंटर उघडायचा आणि कुठे नुसता एजंट नेमून भागवायचं, हे ठरवणं माझ्याकडे. इथे बोडाबोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल, आणि त्यात आपल्या पुण्याच्या बजाजची बॉक्सर इतकी की चौकात उभं राहिलं की क्षणभर चाकणला आल्यासारखं वाटतं. गिऱ्हाईक आहे यात वाद नाही. साहेबांचा प्रश्न एवढाच होता: "कुठल्या शहरात किती माणसं, आणि तासाभरात तिथे पोचू शकतील अशी आसपासची किती? एका तक्त्यात दे. शुक्रवारपर्यंत."

तक्ता करायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. 2009 च्या जनगणनेत केनियाची शहरी लोकसंख्या 32.3 टक्के. 2019 च्या जनगणनेत 31.2 टक्के. मधल्या दहा वर्षांत देश 3.86 कोटींवरून 4.76 कोटींवर गेला, नैरोबी 31 लाखांवरून 44 लाखांवर गेलं, रोज नव्या इमारती उभ्या राहताना मी माझ्या खिडकीतून बघते, आणि शहरी टक्का खाली? बरं, जागतिक बँकेचा तक्ता उघडला तर तिथे 2019 साठी 27.5.

दुसरी भानगड प्रवासवेळेची. 2018 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आलेला जगाचा एक नकाशा आहे. प्रत्येक एक किलोमीटरच्या चौकटीतून जवळच्या शहरापर्यंत किती मिनिटं लागतात ते त्यात दिलंय. फुकट उतरवून घेता येतो. तो लोकसंख्येच्या थरावर टाकला की उत्तर झटक्यात मिळतं. मला मिळालं. पण त्यातल्या एका तुकड्यावरून मी स्वतः गाडीने गेलेली आहे, आणि तो अनुभव आठवून ते उत्तर पाठवायला हात धजत नाही. (सांगते खाली, कोणी विचारलं तर.)

इथे जनगणना, नकाशे यातली जाणकार मंडळी आहेत. जरा उलगडून सांगाल का?

प्रश्नचिन्ह
पहिला मी. विचारलं, सांगा.

नकाशावेडा
चांगला धागा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही शीर्षकातच दिलंय.

केनियात 2,000 वस्तीचं केंद्र म्हणजे शहरी, हा जुना निकष. पण केंद्राची हद्द कुठवर, हा खरा प्रश्न. 2009 मध्ये शहराचा गाभा आणि त्याभोवतीचा निमशहरी पट्टा दोन्ही धरले. तिथल्या जुन्या नगरपालिकांच्या हद्दी ऐसपैस होत्या, आत मक्याची शेतं, गाईगुरं, सगळं. तो पट्टा धरला की टक्का फुगतो. 1999 मध्ये शहरी माणसं होती 54 लाख, 2009 मध्ये एकदम 1 कोटी 25 लाख. दहा वर्षांत दुपटीहून जास्त! एवढी माणसं काही खेड्यातून उठून आली नव्हती, बरीचशी जागच्या जागी शहरी झाली. 2019 मध्ये हात आखडता घेतला आणि आकडा आला 1 कोटी 48 लाख 31 हजार 700. माणसं वाढली, टक्का घसरला.

27.5 हा संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजावर बेतलेला आकडा, त्यांचं गणित वेगळं. तेव्हा टक्केवारीची मालिका जोडून आलेख काढू नका. तो आलेख शहरं कशी वाढली ते दाखवत नाही, मोजणाऱ्यांनी मन कितीदा बदललं तेवढं दाखवतो.

जोशीबुवा
आपल्याकडेही हेच, फक्त आपली चाळणी बारीक. जनगणना नगर ठरायला तीन अटी: वस्ती किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400, आणि कामकरी पुरुषांतले किमान 75 टक्के शेतीबाहेर. निवृत्तीआधी जनगणनेच्या कामात होतो म्हणून पाठ आहे. तिसऱ्या अटीपाशी ग्रामसेवक आणि आमची कायम जुंपायची. नगर ठरलं की ग्रामपंचायतीचे पैसे जातील का, ही धास्ती.

घाटावरची
नकाशावेडा, धन्स. जोशीकाका, तुमची तिसरी अट वाचून डोक्यात प्रकाश पडला. उपग्रहावरून केलेल्या वर्गवारीत ती अटच नाही! संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2020 मध्ये उचलून धरलेली जी पद्धत आहे, तिच्यात एक किलोमीटरच्या चौकटी घेतात. चौकटीला 1,500 माणसं आणि सलग चौकटींची बेरीज 50,000 झाली की शहर. चौकटीला 300 आणि बेरीज 5,000 झाली की छोटं शहर किंवा निमशहरी वस्ती. सगळ्या देशांना एकच माप, म्हणून मला फार आवडली होती.

मग पश्चिम केनिया बघितला. विहिगा काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी): 564 चौरस किलोमीटर, 5 लाख 90 हजार माणसं. म्हणजे चौरस किलोमीटरला हजाराच्या वर. मी तिथे गेलेय. एकराचे, अर्ध्या एकराचे शांबा (शेताचा तुकडा), त्यात मका, चहा, केळी, मधोमध पत्र्याचं घर, दारात एक गाय. पुढचं घर शंभर पावलांवर. तिथून पुढचं आणखी शंभरावर. गाव कुठे संपतं ते कळतच नाही, कारण संपतच नाही. चौकटीच्या हिशेबाने हे निमशहरी. तिथल्या आजीला सांगितलं की तू शहरात राहतेस, तर चहाची टोपली खाली ठेवून हसेल.

जोशीकाकांच्या चाळणीत विहिगा पहिल्या दोन अटी आरामात पार करतं आणि तिसरीला अडकतं. वरून बघणाऱ्याला घर दिसतं, घरातला माणूस सकाळी कुठे जातो ते दिसत नाही.

लोकलवाली
म्हणजे आपल्या वसईच्या वाड्या आठवल्या. आता वाड्या कमी आणि टॉवर जास्त, ते सोडा.

नकाशावेडा
विहिगाचं उदाहरण झकास. आता दुसऱ्या बाजूने बघा. 2019 च्या जनगणनेतली शहरांची यादी: नैरोबी 43,97,073, मोंबासा 12,08,333, नाकुरू 5,70,674, आणि चौथ्या क्रमांकावर? रुइरू, 4,90,120. मग एल्डोरेट 4,75,716, मग किसुमू 3,97,957. यातलं किसुमू कधीपासून 'सिटी' आहे. नाकुरूला तो दर्जा 1 डिसेंबर 2021 ला मिळाला, एल्डोरेटला ऑगस्ट 2024 मध्ये. रुइरू मात्र किसुमूहून जवळजवळ लाखाने मोठं असून 'सिटीं'च्या यादीत नाही, कारण ते नैरोबीचं अंथरूण आहे. लोक तिथे झोपायला जातात.

लोकलवाली
विरार!

घाटावरची
अगदी विरार. किंवा डोंबिवली, जिथली असाल ते. नैरोबी काउंटी दहा वर्षांत 40 टक्क्यांनी वाढली, शेजारची कियाम्बू, जिच्यात रुइरू येतं, जवळपास 49 टक्क्यांनी. नैरोबीहून रुइरूकडे जाणारा थिका रोड 2012 मध्ये आठपदरी झाला आणि शहर त्या रस्त्याने बाहेर ओघळलं. माझ्या ऑफिसातला हिशेबनीस रुइरूत राहतो. त्याचं आडनाव, मतदान आणि घरभाडं कियाम्बूत, पगार आणि दुपारचा चपाती-मादोंडो (मादोंडो म्हणजे राजमा; आणि हो, चपातीच म्हणतात) नैरोबीत. त्याला मी कुठल्या शहराच्या खात्यात धरू?

टिळकनगर
विषय जरा वळवतो. लहानपणापासून ऐकतोय की नैरोबीतलं किबेरा हे आफ्रिकेतली सर्वांत मोठी झोपडपट्टी, दहा लाख वस्ती. आपल्या धारावीशी तुलना नेहमी होते. खरं काय?

नकाशावेडा
हा माझा आवडता किस्सा, म्हणून जरा लांबड लावतो.

वर्षानुवर्षं पाहुण्यांना, पत्रकारांना, देणगीदारांना दहा लाख हा आकडा सांगितला जायचा. काही तर वीस लाखही म्हणायचे. 2009 च्या जनगणनेत किबेराचा आकडा निघाला 1,70,070. गहजब झाला. सरकारने गरीब लपवले, अशी ओरड झाली.

आता पाटी-पेन्सिल घ्या. किबेराचं क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस किलोमीटर. त्यात दहा लाख माणसं बसवायची तर माणशी अडीच चौरस मीटर जमीन येते, आणि त्यातच गल्ल्या, गटारं, शाळा, चर्च, मशीद आणि मधून जाणारी रेल्वे. धारावीत हे काही प्रमाणात जमतं, कारण माळ्यावर माळा चढतो. किबेरातली बहुतेक घरं मातीच्या भिंतींची, पत्र्याची, बैठी. खोली साधारण बारा बाय बारा फुटांची. जमिनीवरच सगळे मावायला हवेत.

2009 मध्येच तिथल्या पोरांनी हातात जीपीएस घेऊन मॅप किबेरा नावाने नकाशा बनवायला घेतला. त्याआधी अधिकृत नकाशांवर तिथे रिकामी जागा असल्यासारखं दिसायचं. पोरांनी पाण्याचे नळ, संडास, दवाखाने, अंधाऱ्या गल्ल्या एकेक करून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चढवल्या. साधारण त्याच सुमारास वेगळ्या एका पाहणीत कियांडा या तिथल्या एका वाडीत दारोदार मोजलं, तर 15,219 माणसं भरली. त्यावरून सगळ्या किबेराचा अंदाज अडीच लाखांच्या अलीकडे-पलीकडे. दुसऱ्या संशोधकांनी उपग्रहचित्रावरून केलेला अंदाज दोन लाखांच्या आसपास. जनगणना थोडी कमी भरली असेल, पण दहा लाख कुठेच नाहीत.

प्रश्नचिन्ह
सरकारी आकड्यावर एवढा विश्वास? झोपडपट्टीत रात्री मोजायला कोण आत जातं? भाडेकरूचं नाव सांगायला घरमालक तयार नसतो. हे मुंबईत बघितलंय मी.

नकाशावेडा
विश्वास आकड्यावर नाही, बेरजेवर. कमी मोजलं असेल हे मीच वर म्हटलंय. पण दुपटीची चूक समजू शकतो, सहापटीची कशी पचवायची? शिवाय फुगलेल्या आकड्यातही कोणाचं तरी पोट असतंच. दहा लाखांच्या वस्तीसाठी मागितलेली देणगी आणि दोन लाखांच्या वस्तीसाठी मागितलेली देणगी सारखी येत नाही.

मोंबासाकर
बरेच दिवस वाचनमात्र होतो, राहवेना. मी मोंबासात जहाजांच्या मालाच्या कामात, सोळा वर्षं.

आकडा फुगवण्याचं उत्तर-केनियातलं प्रकरण कोणी काढलं नाही अजून. 2010 च्या ऑगस्टात तेव्हाचे नियोजनमंत्री वायक्लिफ ओपरान्या यांनी 2009 चे आकडे जाहीर केले आणि त्याच दमात तुर्काना, मंडेरा, वजीर, लागडेरा या बाजूच्या आठ जिल्ह्यांचे निकाल रद्द केले. कारण वाढ इतकी होती की जन्म-मृत्यूच्या हिशेबात बसेना.

का फुगवतात? 2013 पासून 47 काउंट्यांना केंद्राचा पैसा वाटतात त्याचं सूत्र आहे. पहिल्या सूत्रात 45 टक्के वजन लोकसंख्येला होतं, क्षेत्रफळाला जेमतेम 8. म्हणजे डोकी म्हणजेच पैसा. म्हणून 2019 च्या जनगणनेआधी गावोगावचे पुढारी शहरातल्या आपल्या माणसांना सांगत होते की मोजणीच्या रात्री उशागोला, म्हणजे मूळ गावी, या आणि तिथे मोजले जा. 24 ऑगस्टची रात्र. सरकारने त्या शनिवार-रविवारी बार बंद ठेवायला लावले, लोकांनी घरी बसावं म्हणून. माझ्या गोदामातले सहा जण दोन दिवसांची रजा टाकून गेले.

जोशीबुवा
म्हणजे गणपतीत जनगणना घेतली तर सिंधुदुर्ग महानगर ठरेल.

मोंबासाकर
आणि परळ ओस. बरोबर बोललात बुवा.

लोकलवाली
प्रवासवेळेवर या ना आता. ताई, ते गाडीचं काय झालं होतं?

घाटावरची
सांगते. आधी नकाशाची बाजू. तो प्रामाणिक आहे. रस्ता कुठल्या प्रकारचा, चढ किती, नदी, जंगल, सीमा, हे सगळं घेऊन प्रत्येक चौकटीला 'एवढं अंतर कापायला एवढा वेळ' असा अडथळा ठरवलेला आहे आणि सर्वांत स्वस्त वाट शोधलेली आहे. त्यांचा ठळक निष्कर्ष असा की 2015 मध्ये जगातले सुमारे 81 टक्के लोक शहरापासून तासाभराच्या आत होते, पण गरीब देशांत हे प्रमाण 51 टक्क्यांच्या आसपास. श्रीमंत देशांत 91. हे पटतं.

आता माझी गोष्ट. मर्साबिट काउंटी, 70 हजार चौरस किलोमीटरहून मोठी, माणसं साडेचार लाखांच्या वर थोडी. लैसामिसहून पश्चिमेला कोर गावाकडे कच्चा रस्ता जातो. माझ्या हिशेबात तो टप्पा दीड तासाचा होता. एप्रिलचा महिना. आमच्या डोक्यावर निरभ्र आकाश, ऊन. वाटेत एक लागा आडवा आला. लागा म्हणजे कोरडी नदी, वर्षातले बहुतेक दिवस नुसती वाळू. उंट चाललेले असतात तिच्यातून. आमचा ड्रायव्हर, तिथल्या रेंदिले जमातीचा माणूस, काठावर थांबला, उतरला, वाळूवर हात ठेवला आणि म्हणाला, "ङ्गोजा." थांब. मला कळेना कशाला. दहा मिनिटांनी वरच्या अंगाने आवाज आला, जसा लांबून ट्रक यावा. आधी फेस आणि काटक्या आल्या, मग तपकिरी पाणी, मग एक अख्खं बाभळीचं झाड. डोंगराकडे कुठेतरी पाऊस झाला होता, आम्हाला थेंब नाही. संध्याकाळी सहाला थांबलो ते दुसऱ्या दिवशी साडेनऊला पलीकडे गेलो. रात्र गाडीत, जेवण म्हणजे अर्धं पाकीट बिस्किटं आणि ड्रायव्हरच्या थर्मासमधला उंटाच्या दुधाचा चहा.

दीड तासाचे झाले सतरा. नकाशात एप्रिल नाही.

कडूनिंब
धाग्यात उशिरा आले. मी डॉक्टर, तिकडे नाही, गडचिरोलीत होते काही वर्षं, त्यामुळे लागा कळला. आमच्याकडे नाला म्हणतात एवढंच.

एक भर घालते. 2020 मध्ये त्याच चमूने दवाखान्यापर्यंतच्या वेळेचा नकाशा काढला आणि त्यात गाडी नसलेल्यांसाठी नुसत्या पायी चालण्याचा वेगळा थर दिला. तो जरूर वापरा. त्याआधी 2018 मध्ये नैरोबीतल्याच संशोधकांच्या पुढाकाराने सहाराच्या दक्षिणेकडच्या 48 देशांतली 4,908 सरकारी रुग्णालयं एका यादीत आणली गेली, आणि हिशेब निघाला की 29 टक्के लोक जवळच्या रुग्णालयापासून दोन तासांहून लांब आहेत. रस्त्यावर गाडी लगेच मिळते असं धरून हं हे. बाळंतीण खाटेवरून रस्त्यापर्यंत येते तो वेळ यात कुठे?

नकाशावेडा
+१. आणि नकाशे शिळेही होतात, ते वेगळंच. इसिओलो ते मोयाले हा इथिओपियाच्या सीमेपर्यंतचा पाचेकशे किलोमीटरचा रस्ता पूर्वी ट्रकच्या टपावर बसून दोन-दोन दिवस खायचा. 2017 च्या सुमारास डांबरी पूर्ण झाला. 2015 धरून काढलेल्या नकाशाला तो पुरता माहीत नाही. ताईंची चूक एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, अशी दोन्हीकडून होणार.

रच्याकने, अजून एक खोडा. दादाबचे निर्वासित तळ. 1991 पासून आहेत, दोन लाखांहून जास्त माणसं, बाजार, शाळा. वरून बघितलं तर भरभक्कम शहर. पण ती छावणी, आणि आतल्या माणसाला परवान्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आता गारिसा काउंटीतल्या आसपासच्या गुराख्याला 'शहर तासाभरावर आहे' म्हणायचं का?

घाटावरची
म्हणायचं नाही. पण बॉक्सर तिथेही धावतात. (साहेब वाचत असतील तर: नाही, तिथे काउंटर नको.)

लोकलवाली
शहराच्या आतलं काय? माझं सगळं आयुष्य अंबरनाथ-सीएसएमटी. एक तास 'पोचण्याजोगं' म्हणजे काय ते कळतं.

मोंबासाकर
नैरोबीत लोकल नाही म्हणण्यासारखी, मटाटू आहेत. खाजगी मिनीबस. वेळापत्रक नाही, ठरलेलं भाडं नाही, स्टेजही (म्हणजे थांबा) बऱ्याचदा फक्त सवयीने ठरलेलं. 2014 मध्ये नैरोबी विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या एमआयटी, कोलंबिया यांनी मिळून डिजिटल मटाटूज केलं. विद्यार्थी फोन घेऊन प्रत्येक मार्गावर बसून फिरले, थांबे टिपले, 130 च्या वर मार्ग निघाले. रंगीत रेषांचा नकाशा छापला तेव्हा मटाटूवालेच बघून चकित, आपण एवढं मोठं जाळं चालवतो म्हणून.

त्या आकडेवारीवर जागतिक बँकेच्या लोकांनी हिशेब केला: मटाटूने अर्ध्या तासात शहरातल्या सरासरी 4 टक्के नोकऱ्या गाठता येतात, पाऊण तासात 10, तासात 20.

लोकलवाली
पाचातली एक! आणि लोक काय करतात?

घाटावरची
चालतात. सकाळी साडेपाचला मुकुरूच्या झोपडपट्टीतून इंडस्ट्रियल एरियाकडे बघा, रस्त्याच्या कडेने नुसती माणसांची रांग, चिखलाचे बूट पायात आणि कामाचे बूट पिशवीत.

आणि भाडं. एका संध्याकाळी त्या हिशेबनिसाबरोबर रुइरूला निघाले होते, त्याच्या मुलीचा वाढदिवस. स्टेजवर पोचलो तेव्हा मकांगा, म्हणजे कंडक्टर, "थिका रोड ऐंशी, ऐंशी" ओरडत होता. आमच्या पुढे बाराएक माणसं. पाऊस सुरू झाला. त्याने एकदा आकाशाकडे बघितलं आणि पुढच्या श्वासात "दीडशे, दीडशे". कोणी हुज्जत घातली नाही. रांगेतल्या दोन बायका मुकाट बाजूला झाल्या आणि एका दुकानाच्या पत्र्याखाली जाऊन उभ्या राहिल्या. मी विचारलं, या कशाची वाट बघतायत? हिशेबनीस म्हणाला, "ऐंशीची."

आम्ही आठला पोचलो. त्या कधी पोचल्या कोण जाणे. रुइरू त्यांच्यासाठी किती मिनिटांवर, हे कुठल्या चौकटीत लिहू?

कडूनिंब
वाचनखूण साठवली. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना.

प्रश्नचिन्ह
सगळं छान, पण शुक्रवार होऊन गेला. साहेबांना दिलं काय शेवटी?

घाटावरची
हाहा. टक्केवारीचा रकाना काढूनच टाकला. शहराचं नाव, 2019 चा आकडा, आणि शेजारी 'कुणाच्या पोटात' असा रकाना: रुइरू नैरोबीच्या पोटात, वगैरे. प्रवासवेळेचे तीन रकाने केले: उन्हाळा, पाऊस, पायी. पावसाचा रकाना नकाशातून येत नाही, म्हणून मी फोन लावले. प्रत्येक गावच्या बोडा स्टेजवरच्या चेअरमनला (प्रत्येक स्टेजला चेअरमन असतो, आणि तो स्वतःला काउंटीच्या गव्हर्नरहून कमी समजत नाही) एकच प्रश्न: एप्रिलात सर्वांत लांबून गिऱ्हाईक कुठून आणतोस, आणि किती घेतोस? मिनिटं कोणालाच सांगता आली नाहीत. भाडं सगळ्यांनी चटकन सांगितलं. भाडं दुप्पट झालं तिथे मी वेळही दुप्पट धरला. शास्त्रशुद्ध नाही, नकाशावेडा ओरडतील.

नकाशावेडा
ओरडत नाही. तो पावसाचा रकाना मला पाठवा. विहिगात कितीने वाढलं भाडं?

घाटावरची
विहिगात वाढलंच नाही. चेअरमन म्हणाला, इथे रोजच पाऊस असतो, रोज वाढवलं तर कोण बसेल?